पंधरा सेकंदांचे घड्याळ: बेसबॉलपटूंकडून मानसिक शिस्त कशी शिकावी

अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या मैदानांवर २०२३ पासून एक घड्याळ दिसू लागले. तळांवर, म्हणजे धाव काढताना गाठायच्या थांब्यांवर, धावपटू नसेल, तर पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पंधरा सेकंदांच्या आत चेंडू टाकण्याची क्रिया सुरू करावी लागते. धावपटू असेल, तर पहिल्या वर्षी वीस सेकंद मिळत, ते २०२४ पासून अठरा झाले. घड्याळात आठ सेकंद उरतात तेव्हा फलंदाजाने आपल्या चौकटीत उभे राहून पिचरकडे पाहत सज्ज असलेच पाहिजे. पिचर चुकला तर त्याच्या विरोधात एक बॉल मोजला जातो (चार बॉल झाले की फलंदाजाला पहिला तळ मिळतो) आणि फलंदाज चुकला तर त्याच्यावर एक स्ट्राइक चढतो (तीन स्ट्राइक झाले की तो बाद). सामने रेंगाळू नयेत म्हणून हा नियम आला, परंतु त्यामुळे प्रेक्षकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट उघड झाली. हातमोज्यांचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळणे, चौकटीबाहेर येऊन दीर्घ श्वास घेणे, पिचर उभा राहतो त्या चबुतऱ्यामागे जाऊन माती उकरणे या सवयी वेळकाढूपणा वाटत असल्या, तरी अनेक खेळाडूंचे मन त्यांच्याच आधाराने सावरत होते. नियम बदलल्यावर या सवयी सुटल्या नाहीत. खेळाडूंनी त्या आखूड केल्या आणि दिलेल्या सेकंदांत बसवल्या.

व्यावसायिक बेसबॉलपटूची मानसिकता म्हणजे अढळ आत्मविश्वास, असा एक समज आहे. या खेळाडूंच्या वाटचालीकडे बारकाईने पाहिले तर तो टिकत नाही. त्यांच्यापाशी असते ती दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत काय करायचे याची ठरलेली रीत, आणि ती कोणालाही शिकता येते. शालेय सॉफ्टबॉल किंवा क्रिकेट खेळणारी मुले, त्यांचे प्रशिक्षक आणि ज्यांची मुले अमेरिकेत लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये खेळतात असे मराठी पालक, यांना ती पायरीपायरीने बसवता यावी म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

दोन चेंडूंमधली रीत

पिचरचा चबुतरा आणि फलंदाजापुढील होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटर अंतर असते. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदांत कापतो. एवढ्या अवधीत चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची असल्याने विचाराला जागाच उरत नाही. जो काही विचार करायचा तो चेंडू सुटण्यापूर्वी पूर्ण झालेला असावा लागतो आणि मागच्या चेंडूविषयीची चरफडही त्याआधीच संपलेली असावी लागते. म्हणून रीतीचे दोन भाग पडतात: मागचे मिटवणे आणि पुढचे ठरवणे.

मागचे मिटवण्यासाठी शरीराची एखादी ठरावीक हालचाल निवडावी. क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा यांनी या बाबतीत पुष्कळ काम केले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुलर्टन येथील संघाच्या डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बैठकीत, त्यांनी खेळण्यातला एक छोटा कमोड आणून ठेवला होता. वाईट खेळून परतलेला खेळाडू तो ‘फ्लश’ करी आणि बाकावर बसे. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण त्याच संघाने २००४ मध्ये महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. कमोडामुळे ते मिळाले असे कोणी म्हणणार नाही. तरीही ‘झाले ते विसर’ या उपदेशापेक्षा हाताने करायची एक कृती मनाला अधिक लवकर कळते, हे रविझा यांनी अचूक ओळखले होते. मैदानावर कमोड नेता येत नाही, म्हणून पिचर बुटाने समोरची माती सपाट करतात किंवा टोपी काढून पुन्हा घालतात, तर फलंदाज हातमोज्याचा एक पट्टा सैल करून पुन्हा लावतात. आपण यांपैकी कोणतीही एकच कृती निवडावी आणि प्रत्येक चेंडूनंतर, तो चांगला गेलेला असला तरीही, ती करावी. वाईट चेंडूनंतरच केली तर काही दिवसांत ती कृतीच अपयशाची खूण होऊन बसते.

त्यानंतर नजर. टँपा बे रेज संघाचा इव्हान लाँगोरिया फलंदाजी करताना मन विस्कटले की डाव्या बाजूच्या फाऊल पोलकडे (मैदानाच्या कडेची हद्द दाखवणाऱ्या उंच खांबाकडे) पाहत असे. नजर टेकवण्याची जागा आधीच ठरवून ठेवण्याची ही पद्धत रविझा यांच्याच शिकवणीतली. ती जागा निवडताना एक पथ्य पाळावे: ती न हलणारी असावी आणि कोणत्याही मैदानावर तिच्यासारखी दुसरी सापडावी. धावफलक निवडू नये, कारण त्यावर नेमके तेच लिहिलेले असते जे क्षणभर विसरायचे आहे. नजर स्थिर झाल्यावर एक श्वास पूर्ण सोडावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे, कारण खांदे आणि बोटांची पकड श्वास सोडतानाच सैल होते.

शेवटी निर्णय. तो एका वाक्यात मावणारा आणि होकारार्थी असावा. ‘बाहेर जाऊ देऊ नकोस’ असे स्वतःला बजावणाऱ्या पिचरच्या डोळ्यांसमोर बाहेर जाणारा चेंडूच उभा राहतो. ‘आतल्या कडेला, गुडघ्याजवळ’ असे म्हणणाऱ्याला निशाणा मिळतो. निर्णय झाल्यावर तो बदलू नये. शंका आली तर पिचरने चबुतऱ्यावरून पाय काढून रीत पहिल्यापासून सुरू करावी. फलंदाजाला एका खेळीत एकदाच वेळ मागता येतो, हेही ध्यानात ठेवावे.

हे सारे केवळ सामन्याच्या दिवशी करून उपयोग नाही. सरावात जोडीदाराच्या हाती स्टॉपवॉच द्यावे आणि प्रत्येक चेंडूच्या आधी मिटवणे, नजर, श्वास आणि निर्णय हा क्रम बारा सेकंदांच्या आत पूर्ण होतो का, ते पाहावे. सुरुवातीला हा प्रकार कृत्रिम वाटेल आणि सरावाचा वेगही मंदावेल. प्रशिक्षकांनी तो मंदावू द्यावा. घाईघाईने टाकलेल्या शंभर चेंडूंपेक्षा रीतीसह टाकलेले चाळीस चेंडू सामन्याच्या अधिक जवळचे असतात, असे माझे मत आहे.

चौसष्ट घरांचा तक्ता

रीत क्षणापुरती असते; वर्षाचा विचार करण्यासाठी दुसरे साधन लागते. शोहेई ओहतानीने जपानच्या इवाते प्रांतातील हानामाकी हिगाशी या शाळेत पहिल्या वर्षात असताना भरलेला तक्ता आज जगभर प्रसिद्ध आहे. नऊ बाय नऊ घरांच्या या तक्त्याच्या मध्यभागी त्याने आपले ध्येय लिहिले होते: जपानच्या व्यावसायिक लीगमधील आठ संघांनी आपली पहिली पसंती म्हणून निवड करावी. त्याभोवतीच्या आठ घरांत त्यासाठी लागणाऱ्या आठ गोष्टी होत्या: शरीर, नियंत्रण, चेंडूची धार, ताशी १६० किलोमीटर वेग, वळणारे चेंडू, मानसिकता, माणुसकी आणि नशीब. या प्रत्येक गोष्टीसाठी आणखी आठ घरे, म्हणजे एकूण चौसष्ट कामे.

सर्वांत वाचनीय आहे तो ‘नशीब’ या शीर्षकाखालचा भाग. तिथे नवस नाही की ताईत नाही. कचरा उचलणे, खोली साफ ठेवणे, भेटेल त्याला अभिवादन करणे, पंचांशी नीट वागणे, खेळाचे साहित्य जपणे, पुस्तके वाचणे, अशा गोष्टी आहेत. नशीब हा शब्दही त्या मुलाने कामांच्या यादीत उतरवून काढला.

असा तक्ता करताना बहुतेक जण एका ठिकाणी अडखळतात: बाहेरच्या घरांत कामाऐवजी इच्छा लिहितात. ‘अधिक वेग’ ही इच्छा झाली. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी पायांचे व्यायाम’ हे काम झाले. ‘एकाग्रता वाढवणे’ ही इच्छा. ‘सरावाच्या प्रत्येक चेंडूआधी श्वास सोडणे’ हे काम. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलीने जिल्हा संघातील निवड मध्यभागी लिहिली, तर ‘साहित्य’ या शीर्षकाखाली ‘रोज रात्री ग्लोव्ह पुसून आत चेंडू ठेवून बांधणे’ असे लिहिलेले चालेल, कारण ते झाले की नाही हे दुसऱ्या दिवशी सांगता येते. हीच कसोटी प्रत्येक घराला लावावी. चौसष्ट घरे एका बैठकीत भरण्याचा हट्ट धरू नये. रिकामी घरे महिनाभर रिकामी राहिली तरी हरकत नाही.

मध्यभागी लिहिलेल्या ध्येयाचे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. २०१२ च्या जुलैमध्ये ओहतानीने शालेय स्पर्धेत ताशी १६० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, म्हणजे एक घर शब्दशः पूर्ण झाले. आठ संघांनी मात्र त्याला निवडले नाही. त्याने थेट अमेरिकेत जाण्याचा मनोदय जाहीर केला होता आणि तरीही त्याची निवड करण्याचे धाडस निप्पॉन-हॅम फायटर्स या एकाच संघाने केले. ध्येय इतरांच्या हातात होते आणि चौसष्ट घरे त्याच्या हातात होती. तक्ता भरताना मधल्या घरावर फार वेळ घालवू नये, असे मी सुचवतो ते याच कारणाने.

अपयशाची वही

मेजर लीगचा प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. दहापैकी तीन वेळा यशस्वी हिट मिळवणारा, म्हणजे फटक्याच्या जोरावर तळ गाठणारा, फलंदाज तिथे उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तम फलंदाजही वर्षभर बहुतेक वेळा बाद होऊनच परततो. या खेळात अपयशाचे दुःख कमी करण्यापेक्षा त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे शिकणे अधिक उपयोगाचे आहे.

न्यूयॉर्क यँकीजचा आरन जज २०१६ च्या ऑगस्टमध्ये प्रथमच मेजर लीगमध्ये उतरला. त्या हंगामातील ८४ अधिकृत खेळींपैकी ४२ वेळा तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि त्याची सरासरी ०.१७९, म्हणजे दर हजार खेळींमागे १७९ हिट, एवढीच राहिली. हा आकडा त्याने आपल्या फोनमध्ये टिपून ठेवला. पुढच्या वर्षी त्याने ५२ होम रन (बहुधा चेंडू कुंपणापार धाडून सर्व तळ पार करून देणारे फटके) ठोकले आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२२ मध्ये त्याने ६२ होम रनचा टप्पा गाठला. आकडा टिपला म्हणून यश आले, असा सोपा निष्कर्ष काढू नये. मधल्या काळात त्याने फलंदाजीच्या तंत्रावर कसून मेहनत घेतली होती. परंतु आकडा लपवला नाही, ही गोष्ट महत्त्वाची, कारण ज्या आकड्याकडे पाहवत नाही त्यावर काम करता येत नाही.

आपल्या वहीत प्रत्येक खेळीसाठी दोन रकाने आखावेत. पहिल्यात निकाल लिहावा: बाद, हिट, धाव, जे असेल ते. दुसऱ्यात निकालाशी संबंध न ठेवता, आपण आपले काम केले का, याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर लिहावे. रीत पूर्ण केली का, ठरवलेल्याच चेंडूवर बॅट फिरवली का, पिचरला अनेक चेंडू टाकायला लावले का, चेंडू जोरात आणि मधोमध लागला का, हे त्या उत्तराचे निकष. सणसणीत फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये गेला, तर पहिल्या रकान्यात ‘बाद’ आणि दुसऱ्यात ‘होय’ येईल. व्यावसायिक संघही असाच विचार करतात. मेजर लीगमध्ये २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो आणि ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगवान फटक्यांची स्वतंत्र गणना होते, मग त्यावर फलंदाज बाद का होईना.

महिन्याच्या अखेरीस दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावेत. दुसऱ्यात ‘होय’ अधिक आणि पहिल्यात ‘बाद’ अधिक असतील, तर काही बदलू नये. दोन्हीकडे वाईट असेल, तर प्रशिक्षकाकडे जावे. सर्वांत फसवी स्थिती तिसरी: धावा होत आहेत, पण ‘नाही’ वाढत आहेत. अशा वेळी कोणी काही बोलत नाही आणि बिघाड आतल्या आत मुरतो.

निकालावर आपला किती ताबा असतो, याचे याहून बोलके उदाहरण २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये घडले. टायगर्सचा पिचर अर्मांडो गलारागा याने लागोपाठ २६ फलंदाज बाद केले होते आणि आणखी एक बाद झाला की त्याच्या नावावर ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकाही फलंदाजाला तळ गाठू न देता जिंकलेला सामना, लागणार होता. सत्ताविसावा फलंदाज पहिल्या तळावर स्पष्टपणे बाद असताना पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. कॅमेऱ्यात दिसते ते असे: गलारागाच्या हातात चेंडू आहे, तो पंचांकडे पाहतो, किंचित हसतो आणि वाद न घालता चबुतऱ्याकडे चालू लागतो. पुढच्या फलंदाजाला बाद करून त्याने सामना संपवला. चित्रीकरण पाहिल्यावर जॉइस यांनी जाहीरपणे चूक कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी गलारागाने संघाची यादी त्यांच्याच हाती नेऊन दिली, तेव्हा पंचांचे डोळे पाणावले होते. त्या हसण्यानंतरची चबुतऱ्यापर्यंतची दहा-बारा पावले मुलांना अवश्य दाखवावीत.

खालच्या पायरीवर पाठवले तर

मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या असतात: रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. रात्रीचे बसप्रवास, लहान गावांतली मैदाने आणि अनेक वर्षे तुटपुंजा पगार, असे हे जग आहे. ट्रिपल-एमधील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन २०२३ च्या करारापर्यंत १७,५०० डॉलर होते, ते त्यानंतर ३५,८०० झाले. उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेही याच जगात शिरले आणि मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. बहुतेकांचे असेच होते.

वर पोहोचलेल्यालाही खाली यावे लागते. टोरँटो ब्लू जेजचा पिचर रॉय हॅलडे १९९८ मध्ये, आपल्या केवळ दुसऱ्याच सामन्यात, नो-हिटरपासून (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता संपवलेल्या सामन्यापासून) एका बळीच्या अंतरावर होता. दोन वर्षांनी त्याच पिचरची दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १०.६४ झाली आणि २००१ च्या सुरुवातीला त्याला थेट सिंगल-एमध्ये पाठवण्यात आले. तिथे प्रशिक्षक मेल क्वीन यांनी त्याच्या हाताचा कोन बदलला आणि चेंडू धरण्याची पद्धतही बदलली. त्याच सुमारास पत्नीने दुकानातून आणून दिलेल्या एका पुस्तकामुळे तो क्रीडा मानसशास्त्राचे जाणकार हार्वे डॉर्फमन यांच्या विचारांकडे वळला आणि पुढे त्यांच्याशी त्याचे थेट मार्गदर्शनाचे नाते जुळले. २००३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळाला, तर २०१० मध्ये मे महिन्यात परफेक्ट गेम, ऑक्टोबरमध्ये बाद फेरीत नो-हिटर आणि पुन्हा साय यंग.

यातून घ्यायचे ते क्रमाचे भान. संघातून वगळले गेल्यावर आधी तंत्रात नेमके काय बिघडले, हे जाणकाराकडून एका वाक्यात लिहून घ्यावे. मनाचे काम त्याबरोबर चालावे, त्याच्याऐवजी नव्हे. हॅलडेचा हात जुन्याच कोनातून फिरत राहिला असता, तर कोणत्याही सकारात्मक विचाराने १०.६४ खाली आली नसती.

कधीकधी बदल त्याहून मोठा करावा लागतो. आर. ए. डिकीला १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सने ८,१०,००० डॉलर देऊ केले होते. त्याच्या कोपरात एक अस्थिबंध जन्मतःच नसल्याचे तपासणीत आढळले आणि देकार ७५,००० वर आला. सामान्य पिचर म्हणून अनेक वर्षे धडपडल्यावर २००५ मध्ये त्याने जवळजवळ न फिरता हेलकावत जाणाऱ्या ‘नकलबॉल’ची वाट धरली. पुढच्याच एप्रिलमध्ये एका सामन्यात त्याच्या चेंडूंवर सहा होम रन गेले. त्याने नकलबॉल सोडला नाही आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून साय यंग मिळवला. त्याच वर्षी जानेवारीत त्याने मुंबईतील मानवी तस्करीच्या बळींसाठी निधी उभारण्याकरिता किलीमांजारो सर केला होता आणि पुढच्या वर्षी मुलींसह तो मुंबईला येऊनही गेला. नवे तंत्र शिकणाऱ्याने पहिला हंगाम निकालाच्या रकान्याशिवाय काढावा, एवढेच डिकीच्या उदाहरणावरून सुचवावेसे वाटते.

रीत अपुरी पडते तेव्हा

रीत आणि अंधश्रद्धा यांची गल्लत होऊ देऊ नये. बोस्टनचा नामवंत फलंदाज वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी कोंबडीच खात असे. त्याचे भागले, पण ज्या सवयीसाठी शरीराबाहेरची वस्तू लागते ती वस्तू एखाद्या दिवशी मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा आवडती बॅट, टोपी किंवा क्रमांक बाजूला ठेवून सराव करावा.

याहून गंभीर अवस्थाही असतात. ३ ऑक्टोबर २००० रोजी सेंट लुई कार्डिनल्सच्या तरुण रिक अँकीलने बाद फेरीच्या सामन्यात एकाच डावात पाच वाइल्ड पिच, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या कॅचरलाही अडवता न येणारे भरकटलेले चेंडू, टाकले. त्याचे नियंत्रण नंतर कधीच पूर्ववत झाले नाही. तो २००७ मध्ये परतला तो फलंदाज आणि क्षेत्ररक्षक म्हणून. झॅक ग्रिंकीने २००६ मध्ये सामाजिक चिंताविकारामुळे कॅन्सस सिटी रॉयल्सचा संघ काही काळ सोडला, उपचार घेतले आणि २००९ मध्ये साय यंग जिंकला. हॅलडे तर मैदानावरील शांतपणाचा नमुना समजला जाई, पण २०१७ मधील त्याच्या अपघाती मृत्यूनंतर त्याची चिंता आणि वेदनाशामकांचे व्यसन यांविषयी त्याच्या पत्नीने उघडपणे सांगितले. मैदानावरची रीत हा आजारावरचा इलाज नाही. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, सरावाला जाण्याच्या विचारानेच मळमळणे, असे दोन-तीन आठवडे टिकले, तर वही आणि तक्ता बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘खेळाडू आहेस, घट्ट हो’ असे म्हणून टाळू नये.

पालकांसाठी थोडेच सांगायचे आहे. सामन्यानंतर घरी परतताना निकालाविषयी आपण होऊन काही विचारू नये. विचारायचेच असेल, तर ‘आज रीत किती वेळा पूर्ण झाली?’ एवढेच विचारावे आणि उत्तर आले नाही तर विषय सोडून द्यावा. वही मुलाची असते, ती त्याने दाखवल्याशिवाय उघडू नये. प्रशिक्षकांनी मात्र हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक खेळाडूची मिटवण्याची कृती आणि नजरेची जागा विचारून लिहून ठेवावी, म्हणजे ऐन सामन्यात खेळाडू गोंधळला, तर भाषण न करता केवळ त्या जागेकडे बोट दाखवता येते.